हे पान पाहण्याची परवानगी नाही

उघड्या दाराचा मान राखणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. दार उघडं दिसलं की माणूस सरळ आत येतो, खुर्ची ओढतो, पंखा वाढवा म्हणतो आणि वर विचारतो, "साहेब कुठे उलथलेत?" तेच दार बंद असलं की तो केस सारखे करतो, घसा साफ करतो आणि बोटाच्या पेराने हळूच टकटक करतो. राज्यकारभाराचं सगळं शास्त्र या एका निरीक्षणावर उभं आहे. आमच्या नगररचना कार्यालयाने ते संकेतस्थळाला लावून दाखवलं, इतकीच आमची नम्र कामगिरी.

मी या कार्यालयात हरकती व सूचना विभागाचा प्रमुख आहे. (विभागात मी एकटाच असल्यामुळे माझ्या प्रमुखपदाला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.) नवा रस्ता, नाला किंवा बगीचा करायचा ठरला की त्याचा मसुदा जाहीर होतो, मग नागरिकांच्या हरकती ऐकल्या जातात आणि मग मसुदा जसा होता तसा मंजूर होतो. यातली मधली पायरी माझ्याकडे आहे. ती काढून टाकली तरी पुढचं काम अडत नाही, असं काही कुत्सित लोक म्हणतात. त्यांनी जिन्याची मधली पायरी काढून बघावी.

पूर्वी हरकती खिडकीवर कागदाने येत. एकेक माणूस आपल्याबरोबर बायको, भाऊ, वहिनी आणि शेजारचा एक कायदा कळणारा गृहस्थ घेऊन यायचा. अर्ज अर्ध्या पानाचा आणि बोलणं अर्ध्या दिवसाचं. एका बाईंनी रस्त्याच्या रुंदीबरोबर माझ्या बोलण्याच्या पद्धतीवरही हरकत घेतली होती आणि ती मलाच दाखल करून घ्यावी लागली. अशा परिस्थितीत वरच्या कार्यालयाचा आदेश आला की यापुढे हरकती फक्त संकेतस्थळावरच घ्याव्यात, म्हणजे नागरिकांना घरबसल्या सोय होईल. त्याच दुपारी आम्ही खिडकीला आतून कपाट लावलं.

संकेतस्थळ सुरू झालं. पहिलं पान फार सुरेख होतं. त्यावर साहेबांचा हसरा फोटो होता, त्याखाली "आपलं मत, आमची दिशा" असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली एक हिरवं बटण होतं: हरकत नोंदवा. ते दाबलं की पांढरंशुभ्र पान यायचं आणि त्यावर एकच ओळ असायची.

आपणांस हे पान पाहण्याची परवानगी नाही.

या ओळीची थोरवी सामान्य माणसाच्या ध्यानात येत नाही, म्हणून थोडं समजावून सांगतो. संकेतस्थळं नाना प्रकारे नकार देतात. काही म्हणतात, "पान सापडत नाही." ही सरळ सरळ नामुष्की आहे, ज्या कार्यालयाला स्वतःचं पान सापडत नाही त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? काही म्हणतात, "सर्व्हरमध्ये अंतर्गत बिघाड." म्हणजे घरातलं भांडण गच्चीवरून ओरडून सांगण्यातला प्रकार. पण "परवानगी नाही" या शब्दांना कणा आहे. त्यात चूक कुठेच नाही. पान आहे, ते सापडलेलं आहे, सर्व्हर ठणठणीत आहे, फक्त तुम्ही कोण लागून गेलात, एवढाच मुद्दा आहे.

साहजिकच कार्यालयात कुणालाही तो बिघाड वाटला नाही. तो निर्णय होता. निर्णय आहे म्हणजे कुणीतरी घेतला असणार. मी धरून चाललो की साहेबांनी घेतला. साहेब धरून चालले की वरच्या कार्यालयाने घेतला. वरचं कार्यालय काय धरून चाललं ते विचारण्याची आमची प्राज्ञा नव्हती. आमच्याकडे एक जुनी शिस्त आहे: परवानगी का आहे हे दहा जण विचारतात, ती का नाही हे कुणी विचारायचं नसतं. (विचारणारा एक जण होता. तो हल्ली तालुक्याच्या टोकाला झाडं मोजतो.)

शिवाय साहेबांच्या केबिनमध्ये ते पान उघडत होतं. ही गोष्ट निर्णायक ठरली. पहिली तक्रार आली तेव्हा साहेबांनी सर्वांसमक्ष स्वतः हिरवं बटण दाबलं आणि हरकतीचं पान क्षणात समोर आलं. नाव, पत्ता, हरकतीचं स्वरूप, सगळे रकाने जागच्या जागी. साहेब म्हणाले, "हे काय, उघडतंय की!" मग मी माझ्या टेबलावर उघडून पाहिलं. उघडलं. लेखा विभागात उघडलं, अभिलेख विभागात उघडलं, आवक-जावकच्या संगणकावर तर बटण दाबायच्या आधीच उघडल्यासारखं वाटलं. ते फक्त कार्यालयाच्या बाहेर उघडत नव्हतं. ज्यांना हरकत घ्यायची होती ते सगळे बाहेर होते, हा निव्वळ योगायोग.

तरी नागरिकांच्या सोयीत कसूर राहू नये म्हणून मी एक मार्गदर्शक पत्रक काढलं. ते इथे देतो, कारण त्या पत्रकाचं पुढे वरच्या कार्यालयाने कौतुक केलं.

पान न उघडल्यास नागरिकांनी काय करावं:
एक. पान पुन्हा उघडून पाहावं.
दोन. फोन बंद करून चालू करावा.
तीन. फोन दुसऱ्याचा वापरावा. (मालकाला विचारून.)
चार. आपण जे पाहू इच्छितो ते पाहण्याची आपल्याला खरोखर गरज आहे का, याचा शांतपणे विचार करावा.
पाच. तरीही पान न उघडल्यास तशी तक्रार हरकतीच्या पानावर नोंदवावी.

याचा परिणाम पाहा. आधीच्या सालात एका नाल्यासाठी आमच्याकडे गाडाभर हरकती आल्या होत्या. नव्या पद्धतीत पहिल्याच मोठ्या रस्त्याच्या मसुद्याला शून्य हरकती आल्या. नागरिकांच्या समाधानाचं प्रमाण एका फटक्यात शंभर टक्क्यांवर गेलं, आणि त्याच्यापुढे जायला जागा नसल्यामुळे तिथेच थांबलं.

तो रस्ता जुन्या गोदामापासून नव्या गोदामापर्यंत जाणार होता. (नवं गोदाम अजून बांधायचं होतं. ते नव्या रस्त्यालगत होणार असल्यामुळे आधी रस्ता हवा होता, आणि रस्ता नव्या गोदामाकडे जाणार असल्यामुळे गोदाम हवं होतं. नियोजन म्हणतात ते हेच.) नकाशावर तो एका लाल रेघेने दाखवला होता आणि ती रेघ माझ्या मावशीच्या गल्लीतल्या एका रांगेतल्या घरांच्या पुढच्या खोल्या सपासप कापत गेली होती.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिचं बाइंडिंगचं दुकान आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत ती. काका गेल्यापासून पुस्तकं शिवणं, पुठ्ठे कापणं, कापडी पाठ चिकटवणं, सगळं ती एकटी करते. तिच्या हाताला कायम खळीचा वास येतो आणि तिच्या जिभेला धार असते ती पुठ्ठा कापायच्या सुरीला नाही. मला लहानपणी तिनेच सांभाळलं. आई कामाला जायची तेव्हा मी त्या पुढच्या खोलीत दाबाच्या लोखंडी यंत्राखाली बसून कागदाच्या कातरणीशी खेळायचो. ती पुढची खोली गेली तर तिचं दुकान जाणार आणि दुकान गेलं तर तिचं पोट, हे मला न कळायला मी काही दगड नाही. मला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. पण वाईट वाटण्यासाठी अर्जात रकाना नाही.

ती कार्यालयात आली तेव्हा मी डबा उघडत होतो.

"अरे, ते म्हणतंय परवानगी नाही," ती म्हणाली आणि फोन माझ्या डब्याशेजारी ठेवला.

"मग नसेल, मावशी."

"नसेल म्हणजे? माझ्या घरावरून रस्ता न्यायला तुम्हाला परवानगी आहे आणि मला 'नको' म्हणायला नाही?"

"तसं नाही. तुला पूर्ण हक्क आहे. फक्त पान नाही."

"तुझ्याकडे उघडतं का?"

मी खोटं बोललो नाही. उघडून दाखवलं. तिने चष्मा वर करून एकेक रकाना वाचला आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा त्या यंत्राखाली जाऊन बसावंसं वाटलं.

"मग टाक ना माझ्या नावाने. दोन ओळी लिहायच्यात. मी सांगते, तू बडव."

"मावशी, हरकती तपासणारा मी, आणि टाकणाराही मीच? उद्या कुणी बोट दाखवलं तर?"

"बोट दाखवायला घर तर उरू दे लोकांचं," ती म्हणाली. तिने फोन उचलला, जाताना माझ्या डब्याचं झाकण नीट लावलं आणि पाठ फिरवून निघून गेली. नियमाप्रमाणे वागल्याचं समाधान मला मिळालं. त्या दिवशी जेवण मात्र गेलं नाही.

आता सर्व्हरवाल्याबद्दल दोन शब्द. कार्यालयाने संकेतस्थळाची देखभाल एका कंत्राटी माणसाला दिली होती. त्याला नाव होतं, पण सगळे त्याला सर्व्हरवाला म्हणत. चाळिशीचा, पोक आलेला, सतत कुणाची तरी माफी मागत असल्यासारखा चेहरा. तक्रारी माझ्यापर्यंत पोहोचेनाशा झाल्या तेव्हा त्या त्याच्यापर्यंत पोहोचू लागल्या, कारण त्याचे सासरे मावशीच्याच गल्लीत राहायचे. एके सकाळी तो साहेबांच्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "सर, सापडलं. टेस्टिंगच्या वेळी कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ टाकली होती. फक्त ऑफिसातल्या मशीनना आत सोडा, बाकीच्यांना परत पाठवा. ती काढायची राहिली. माझ्याकडूनच राहिली."

इतके दिवस ज्याला आम्ही निर्णय म्हणून मान दिला, ज्याच्या आधारावर शंभर टक्के समाधान गाठलं, त्याला हा माणूस "राहून गेलं" म्हणत होता.

"ती ओळ कुणाच्या सांगण्यावरून टाकली?" साहेबांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही, सर. तपासताना टाकतात तशी."

"म्हणजे ती ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"आणि काढायलाही कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही, सर."

"मग तू कोण काढणारा?"

यावर सर्व्हरवाल्याने आणखी एक अडचण सांगितली. ती ओळ ज्या फाइलमध्ये होती ती फाइल बदलायची परवानगी आता त्याच्याकडे नव्हती. संकेतस्थळ सुरू झाल्याच्या दिवशी ती मध्यवर्ती संगणक विभागाकडे गेली होती. परवानगी हवी असेल तर त्या विभागाच्या ऑनलाइन अर्जाने मागायची असा नियम होता. तो अर्ज आमच्याच संकेतस्थळावर होता आणि बाहेरून पाहू गेलं तर तिथेही तीच पांढरी ओळ येत होती. आतून भरावा तर त्याखाली मध्यवर्ती विभागाने त्यांच्या कार्यालयातून पोच द्यायची होती, आणि त्यांचं कार्यालय बाहेर होतं. त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी प्रांजळपणे सांगितलं की अर्ज दिसत नसल्यामुळे अर्ज आलेला नाही, आणि अर्ज आलेला नसल्यामुळे अडचण असल्याचं त्यांच्या निदर्शनास आलेलं नाही. हे ऐकून मला भरून आलं. कुठेही फट नव्हती.

इथेच सगळं गोड झालं असतं. पण वरच्या कार्यालयात एखादा खवट माणूस असतोच. आमचा शून्य हरकतींचा मसुदा त्याने परत पाठवला. शेऱ्यात लिहिलं होतं: "घरं पाडायची असताना एकही हरकत नाही, हे नैसर्गिक दिसत नाही. किमान काही हरकती घेऊन, त्या फेटाळून, फेर सादर करावे."

साहेबांचं धाबं दणाणलं. ज्या हरकतींपासून आम्ही इतके दिवस जीव वाचवत होतो त्या आता आम्हालाच हव्या होत्या. साहेब आधी मला म्हणाले, तुम्हीच आतून चार-पाच लिहा. मी मन लावून लिहिल्या. मावशीची गल्ली, दुकानं, म्हातारी माणसं, गोदामच नसताना गोदामाकडे जाणारा रस्ता, सगळं लिहिलं. साहेबांनी वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि परत दिल्या. या फेटाळता येणार नाहीत, असं त्यांचं मत पडलं. (माझ्या सेवेतलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. दुर्दैवाने तोंडी आहे.)

तेव्हा पान खरोखरच उघडावं लागणार होतं. मध्यवर्ती विभागाचे प्रमुख आमच्या साहेबांचे साडू निघाले. साहेबांनी फोन लावला, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे वगैरे विचारलं आणि परवानगी आली. नियमाला बगल देण्यात आली असं कुणी समजू नये. साडूंनी सांगितलं की हा अपवाद नाही, हे घरातलं आहे.

साहेबांनी सर्व्हरवाल्याला बोलावून आज्ञा केली, "सगळ्यांना सगळं देऊन टाक."

सर्व्हरवाला चाचरला. "सर, फक्त ती ओळ काढली तरी पुरेल. सगळं म्हणजे वाचायचं, लिहायचं, बदलायचं... नकाशाचं पानसुद्धा त्यातच आहे."

"ते नागरिक आहेत, चोर नाहीत," साहेब कडाडले. "पुन्हा हे उघडत नाही, ते उघडत नाही अशी एकही तक्रार मला नकोय. दे सगळं!"

त्याने दिलं. (कंत्राटाच्या नूतनीकरणाचा कागद साहेबांच्या टेबलावर होता.)

नकाशाच्या पानाबद्दल सांगायला हवं. मसुद्याचा नकाशा साहेबांच्या सोयीसाठी असा केला होता की लाल रेघ माउसने पकडून हवी तिथे सरकवता यावी. बैठकीत कुणी वजनदार गृहस्थ आले की साहेब ती थोडी इकडे, थोडी तिकडे करून दाखवत आणि पाहुणे समाधानाने चहा घेत. त्या पानावर एक भलं मोठं बटणही होतं: रेघ काढून टाका. आता हे सगळं गावाच्या हातात गेलं होतं.

जेवणाची सुट्टी संपून आम्ही टेबलांवर येतो तोच अभिलेख विभागातून ओरडा ऐकू आला, "अहो, रस्ता हलतोय!"

आम्ही सगळे पडद्याभोवती जमलो. खरोखरच हलत होता. आधी तो मावशीच्या रांगेवरून उठला आणि समोरच्या रांगेत गेला. मावशीच्या डाव्या हाताला एक शिंपी राहतो, त्याने तो उचलला असावा, कारण रेघ नेमकी कापायच्या खुणेसारखी सरळ होती. समोर दंतवैद्याचा दवाखाना. तिथे रेघ क्षणभर टेकली आणि मग हलक्या हाताने, कुणाला दुखू नये अशी, पलीकडे गेली. पलीकडे शिकवण्या घेणाऱ्या बाई. त्यांनी ती चूक दुरुस्त करून दंतवैद्याला परत दिली. मग गल्लीची हद्द सोडून रेघ मागच्या वस्तीत शिरली आणि तिथून जी सुटली ती काही हाताला लागेना. आपल्या अभिलेखवाल्याचं घर त्या बाजूला. तो धावत स्वतःच्या टेबलाकडे गेला आणि रेघ शाळेच्या मैदानावर आली. तिथून ती वाचनालयावर, वाचनालयावरून प्रसूतिगृहावर. रस्ता इतका लोकप्रिय मी कधी पाहिला नव्हता.

मी विभागप्रमुख या नात्याने काही निरीक्षणं टिपून ठेवली. रेघ हलवणाऱ्यांनी ती सरासरी एक घर हलवली. शेजाऱ्याच्या पलीकडे नेण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. जावा-जावांनी ती एकमेकींच्या खोल्यांवर नेल्याचं प्रमाण लक्षणीय होतं. "हरकत नोंदवा" हे पान त्या दुपारी सताड उघडं होतं आणि तिथे चिटपाखरू नव्हतं. आणि ते भलं मोठं बटण, रेघ काढून टाका, सगळ्या गावाच्या हाताखाली असताना एकानेही दाबलं नाही. रस्ता नको असं कुणाचं म्हणणंच नव्हतं. तो जरा तिकडे हवा होता.

इतक्यात माझा फोन वाजला. मावशी होती.

"अरे, इथे सगळे त्या रेघेला धरून ओढतायत. शिंपी म्हणतो, मावशी, तुम्ही पण हाकला, परत येईल नाहीतर."

"मग?"

"मग कुणाकडे हाकलू? शिकवणीवालीकडे? तिला अंथरुणाला खिळलेली आई आहे. मला काही ते जमायचं नाही बाबा. ते हरकतीचं पान उघडलंय आता, मी तिथे लिहितेय. हा रस्ता कशासाठी आहे ते आधी सांगा, नाहीतर मुळातच करू नका. एवढंच. बरोबर आहे ना?"

"मुदतीत आहे," मी म्हणालो. "पत्ता नीट लिही."

"लिहिते. एका बोटाने चाललंय, वेळ लागेल."

तिकडे ती एका बोटाने हरकत लिहीत होती आणि इकडे पडद्याभोवतीचे सगळे एकाएकी एक पाऊल मागे सरले. लाल रेघ टेकडीखालच्या बंगल्यांच्या वस्तीत गेली होती. एक बंगला, दुसरा बंगला, आणि तिसऱ्याच्या दिवाणखान्यातून आरपार जाऊन ती थांबली. तिसरा बंगला साहेबांचा होता.

साहेब घोळक्यातून बाहेर पडले. थोर माणसं अशा वेळी स्वतः हात घालतात. ते केबिनमध्ये गेले, आम्ही दारात उभे राहिलो. त्यांनी चष्मा पुसला, माउस हातात घेतला, रेघ पकडली आणि नकाशावरून सावकाश फिरवू लागले. जिथे ठेवावी तिथून ती लगेच उसळून परत येत होती, कारण प्रत्येक घरात कुणीतरी दबा धरून बसलेलं होतं. साहेब अशी जागा शोधत होते जिथून कुणी ढकलत नाही. अखेर ती सापडली. तिथे रेघ ठेवली आणि ती राहिली. मावशीच्या नुसत्या पुढच्या खोलीवर नव्हे. तिन्ही खोल्यांवरून, मधोमध.

"आता बंद कर सगळं," साहेब सर्व्हरवाल्याला म्हणाले.

जे काम इतके महिने अर्ज, पोच आणि फोनाफोनीत अडकलं होतं ते साहेबांचा चहा गार होण्याआधी झालं. बाहेर पुन्हा पांढरं पान आलं. पण त्याआधी मावशीचं बोट "पाठवा" या बटणापर्यंत पोहोचलं होतं. संबंध मसुद्यावर आलेली ती एकमेव हरकत. वरच्या कार्यालयाने मागितलं होतं ते अगदी वेळेवर मिळालं.

तिच्यावरचा निर्णय मी लिहिला. विभागात दुसरं कुणीच नव्हतं. त्यातला मुख्य भाग असा: "हरकतदारांस इतर सर्व नागरिकांप्रमाणे सदर रेघ अन्यत्र सरकवण्याची पूर्ण व समान संधी उपलब्ध होती. त्यांनी ती जाणीवपूर्वक वापरली नाही. यावरून सदर रेघ आपल्या घरावर राहण्यास त्यांची मूक संमती असल्याचं स्पष्ट होतं. सबब हरकत फेटाळण्यात येत आहे." वरचं कार्यालय खूश झालं. मसुदा एकमताने मंजूर झाला. सर्व्हरवाल्याच्या कंत्राटाचं नूतनीकरण झालं आणि त्याच्या सासऱ्यांच्या घराला आता रस्त्याची बाजू आल्यामुळे भाव चढला.

मावशीला निर्णयाची प्रत द्यायला मी स्वतः गेलो. टपालाने पाठवता आली असती, पण रक्ताचं नातं आहे. दुकानात पुठ्ठे बांधून ठेवलेले होते. दाबाचं यंत्र उचलायला चौघे लागणार होते आणि शिंपी माणसं गोळा करत होता. मनाने चांगला आहे तो. मावशीने प्रत उभ्याने वाचली.

"भाषा तुझी आहे," ती म्हणाली.

"हो."

"स्वच्छ आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही." तिने कागदाची घडी घातली, कडा नखाने दाबली. "लहानपणी तुला कातरणीत बसवायची तेव्हा वाटायचं, पोरगं कागदाचं काहीतरी करेल."

मग ती आत गेली. मला पाणी विचारलं नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं आणि मला ते फार लागलं.

आता हे सगळं ज्यांना ज्यांना सांगतो ते एकच बोलतात. माझी बायको बोलली, अभिलेखवाला बोलला, आपणही वाचता वाचता मनातल्या मनात तेच बोललात, की काय भोळी बाई, एवढं सगळं हातात दिलं होतं, जरा सरकवायची ना ती रेघ. सूचना योग्य आहे. तिची दखल घेण्यास विभाग तयार आहे. फक्त सूचनेत एक माहिती अपुरी राहते, ती कृपया भरून द्यावी: कुणाच्या घरावर? शेजाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहावा. त्यासाठी वेगळं पान केलं आहे. ते सर्वांसाठी खुलं आहे, आणि ते उघडत नाही अशी तक्रार आजवर एकाही नागरिकाने केलेली नाही.